वर बर्फ, खाली उथळ पाणी आणि हातात सोनार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात तळं गोठत नाही. पारा सात-आठ अंशांवर आला की आपल्याकडे स्वेटर निघतात, शेकोट्या पेटतात आणि पेपरात बातमी येते. पण कोथरूडपासून वाघोलीपर्यंत कितीतरी घरांतली मुलं मिनेसोटा, मिशिगन नाहीतर ओंटारिओत स्थिरावली आहेत. एरवी उजनीच्या नाहीतर मुळशीच्या काठावर गळ टाकून बसणारे त्यांचे वडील आता हिवाळ्यातही तिकडे जातात. जावई गोठलेल्या तळ्यावर नेतो, बर्फाला भोक पाडतो, दिवे लुकलुकणारी सोनारची, म्हणजे आवाजाने पाण्याचा ठाव घेणाऱ्या यंत्राची, एक तबकडी समोर ठेवतो आणि म्हणतो, "बाबा, बघा मासे." बाबांना दिसतात फक्त रंगीत रेघा. जाण्याआधी आणि आल्यावर या मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे यंत्र नेमकं करतं काय?

पाण्यात सोडलेला ट्रान्सड्युसर आवाजाचा एक छोटा ठोका खाली पाठवतो. तो तळाला, माशाला किंवा तुमच्या गळाला आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते, आणि परत आलेला आवाज किती जोरकस आहे त्यावरून रंग ठरतो. बस्स, एवढंच. यंत्राला मासा "दिसत" नाही. त्याला कळतं ते इतकंच की अमुक अंतरावर काहीतरी आहे.

माशाकडून येणारा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. मांस आणि पाणी यांची घनता जवळपास सारखी, त्यामुळे मांसावरून आवाज फारसा उलटत नाही. हवेवरून मात्र जोरात उलटतो.

मासेमारीसाठी ही युक्ती पहिल्यांदा व्यवहारात आणली जपानच्या फुरुनो बंधूंनी, १९४८ साली. हौशी माणसाच्या होडीत ती पोहोचली १९५० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतल्या लॉरन्स कंपनीच्या छोट्या हिरव्या डब्यातून. बर्फावर आज जी गोल तबकडी दिसते, ती त्याच डब्याची वंशज.

उथळ म्हणजे किती?

या पानापुरतं बोलायचं तर पंधरा फुटांच्या आत. खरी गंमत आणि खरा त्रास दहा फुटांच्या आत सुरू होतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ नवा असतो तेव्हा, आणि शेवटी तो वितळायला लागतो तेव्हा, ब्लूगिल आणि क्रॅपी जातीचे मासे काठालगतच्या पाणगवतात असतात. म्हणजे नेमके याच खोलीत.

उथळ पाण्यात तर मासा जवळच असतो. मग सोनारला सोपं जायला हवं ना?

उलट आहे. बहुतेक गैरसमज याच प्रश्नात आहेत, म्हणून जरा सविस्तर.

ट्रान्सड्युसरचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा खाली पसरत जातो. झोताचा कोन २० अंश असेल तर तीस फूट खोलीवर तो साधारण साडेदहा फूट रुंद होतो. दहा फुटांवर तोच झोत साडेतीन फूट आणि पाच फुटांवर जेमतेम पावणेदोन फूट. तुमच्याकडे ९ अंशांचा अरुंद ट्रान्सड्युसर असेल तर पाच फुटांवर रुंदी भरते साडेनऊ इंच. गिरमिटाने पाडलेलं भोकच आठ इंचांचं असतं. म्हणजे तुम्ही भोकाएवढंच पाणी बघताय आणि "इथे मासे नाहीत" असा निकाल सगळ्या तळ्याबद्दल देताय.

म्हणून उथळ पाण्यासाठी रुंद कोनाचा ट्रान्सड्युसर बरा. अरुंद कोन खोल पाण्यात आणि उतारावर कामाचा. सोबत दोन्ही असतील आणि जावई "कुठला लावू?" म्हणाला, तर आधी खोली विचारा.

दुसरी अडचण वरच्या टोकाला. ठोका पाठवल्यावर ट्रान्सड्युसर क्षणभर स्वतःच थरथरत राहतो, आणि तेवढ्या वेळात परत आलेलं त्याला ऐकू येत नाही. त्यामुळे वरचा फूट-दीड फूट आंधळा जातो. साठ फूट पाण्यात त्याचं कोणाला काही वाटत नाही. पाच फुटांत मात्र पाव तळं गेलं.

तिसरी अडचण ठोक्याच्या लांबीची. ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा असेल, तर पाण्यात उभ्या रेषेत सात सेंटीमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू एकच दिसतात. गळ आणि त्याला हुंगणारा मासा एकाच रेघेत मिसळतात. ठोका जितका आखूड, तितकं हे वेगळेपण चांगलं. चर्प पद्धतीची यंत्रं एकच सूर न लावता सुरांची एक सरळ चढण वाजवतात, त्यामुळे त्यांना जवळजवळच्या वस्तू अधिक स्वच्छ सुट्या करता येतात.

आणि चौथी म्हणजे ताकद. ही यंत्रं शंभर-दोनशे फुटांपर्यंत पोहोचायला बनवलेली असतात. पाच फुटांत तेवढा आवाज सोडला की तो तळ आणि बर्फ यांच्यामध्ये उड्या मारत राहतो आणि पडदा वरपासून खालपर्यंत लाल होतो. लोक समजतात की यंत्र बिघडलं.

मग उथळ पाण्यात हे यंत्र घ्यायचंच कशाला?

मासा शोधायला नाही, त्याचं वागणं बघायला.

गळ खाली सोडला की पडद्यावर एक बारीक रेघ दिसते. ती वर-खाली होते, कारण तुम्ही काठी हलवताय. मग तळाच्या पट्ट्यातून दुसरी रेघ सुटते आणि हळूहळू वर चढते. मासा आला. आता यंत्राकडे बघून हात चालवायचा. गळ अगदी सावकाश वर घ्या. रेघ मागोमाग चढली तर गिऱ्हाईक पक्कं आहे. रेघ थांबली तर तुम्हीही थांबा, किंचित थरथरवा. रेघ खाली गेली तर काहीतरी खटकलं: आमिष मोठं असेल, हालचाल जास्त झाली असेल. पुढच्या वेळी तेवढंच बदला. उजनीवर फ्लोट बुडेपर्यंत खाली काय चाललंय ते कळतच नाही. इथे चावण्याच्या आधीचं सगळं नाटक दिसतं. ज्याला हे एकदा वाचता आलं त्याला उथळ पाण्यातला अरुंद झोत पुरतो, कारण त्याला बघायचं असतं ते फक्त स्वतःच्या गळाभोवतीचं हातभर पाणी.

एक नियम पाळा: गळ माशाच्या वरच ठेवायचा. क्रॅपीसारखे मासे वर बघत खातात. गळ त्यांच्या खाली गेला की त्यांच्या लेखी संपला.

मासे शोधायचं काम गिरमिटाचं. काठापासून आत जाणाऱ्या रेषेत सुरुवातीलाच आठ-दहा भोकं पाडून घ्या, मग थोडा वेळ शांत राहा आणि एकेक भोक यंत्राने तपासत जा. आधी एक भोक, मग तासभर वाट, मग पुन्हा गिरमिटाची घरघर हा उद्योग उथळ पाण्यात चालत नाही.

गेन किती ठेवायचा?

गेन म्हणजे परत आलेला आवाज यंत्र किती वाढवून दाखवतं ते. तो जितका कमी चालेल तितका. आपली खोड अशी की आवाज वाढवला म्हणजे नीट ऐकू येईल. इथे ते उलटं आहे.

पद्धत ही: गेन अगदी शून्याजवळ आणा. गळ पाण्यात सोडा, तळापासून फूटभर वर ठेवा. आता गेन हळूहळू वाढवा. गळाची बारीक, क्षीण रेघ जेमतेम दिसायला लागली की थांबा. त्यापुढे एक रेसभरही नको. गळासारखी चिमुकली वस्तू दिसतेय म्हणजे मासा दिसणारच. आमिष बदललं, भोक बदललं, खोली बदलली की हे पुन्हा करायचं. यंत्राच्या "ऑटो"वर उथळ पाण्यात माझा भरवसा नाही. पाणगवत दिसलं की ते गोंधळतं.

शून्यावरही पडदा लालच राहत असेल तर मेन्यूमध्ये किंवा बटणावर कमी ताकदीचा पर्याय आहे का बघा. मिनियापोलिसच्या व्हेक्सिलार कंपनीच्या काही फ्लॅशरमध्ये, म्हणजे गोल तबकडीच्या यंत्रांत, तो असतो, आणि त्यांच्या काही मॉडेलसाठी आवाज दाबणारी वेगळी केबलही मिळते.

दहा फूट पाण्यात पडद्यावर वीस फुटांवर दुसरा तळ दिसला तर घाबरू नका. तो पहिल्याच तळाचा प्रतिध्वनी आहे, बर्फाला आपटून पुन्हा खाली जाऊन आलेला. तो दिसतोय म्हणजे तळ कठीण आहे, किंवा गेन जास्त आहे. बहुधा दुसरंच.

ट्रान्सड्युसर कुठे लटकवायचा?

बर्फाच्या खालच्या कडेच्या दोन-तीन इंच खाली. ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि उथळ पाण्यात तिच्यावाचून अडतं.

बर्फ तरंगतो तेव्हा त्याचा साधारण नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. त्यामुळे दोन फूट जाड बर्फाला भोक पाडलं की पाणी जवळजवळ वरपर्यंत चढतं. ट्रान्सड्युसर त्या पाण्यात नुसता बुडवून ठेवला तर तो दोन फुटांच्या बर्फाच्या नळीत असतो. झोत भिंतींना आपटतो आणि कचरा दाखवतो. दोरीला गाठ बांधून तो नळीच्या बाहेर काढा.

पण त्याने आणखी एक हिशेब बदलतो. यंत्रावर दिसणारी खोली ट्रान्सड्युसरपासूनची असते. वरून मोजलेलं पाणी पाच फूट, त्यात बर्फ दोन फूट, म्हणजे खाली खेळायला उरतं तीन फूट. त्यातून वरचा आंधळा फूट-दीड फूट वजा करा. हातात राहिलं दीड-दोन फूट पाणी. अशा जागी सोनार बाजूला ठेवून भोकात डोकावून बघितलेलं बरं. चेष्टा नाही करत. अंगावर जाड कोट ओढून अंधार केला तर स्वच्छ पाण्यात खालचा मासा डोळ्यांनी दिसतो.

आणि ट्रान्सड्युसर ओळंब्यात हवा. तो तिरका झाला की झोत बाजूला जातो आणि स्वतःचा गळच दिसेनासा होतो. लोक मग गेन वाढवतात. तसं करण्याआधी केबल सरळ करा.

तळातलं गवत आणि मासा यांत फरक कसा ओळखू?

गवत जागेवर असतं, मासा नसतो. हिरव्या, फिकट, स्थिर रेघांचा गुच्छ तळापासून वर आला असेल तर ते पाणगवत. त्यातली एखादी रेघ जाड-बारीक होत असेल, हिरव्याची पिवळी आणि पिवळ्याची लाल होत असेल, तर तो झोताच्या कडेकडून मध्याकडे येणारा मासा. झोताच्या मधोमध आवाज सर्वांत जोरकस असतो, म्हणून मासा बरोबर तुमच्या खाली आला की रेघ लाल आणि रुंद होते.

गवताच्या आत शिरलेला मासा दिसत नाही. गळ गवताच्या शेंड्यांवर नाचवून त्याला बाहेर बोलवावं लागतं.

तळाबद्दल एवढं लक्षात ठेवा: कठीण, वाळूचा किंवा दगडाचा तळ ठळक दिसतो आणि गाळाचा तळ मऊ, विस्कटलेला. तळाला अगदी चिकटून बसलेला मासा मात्र कुठल्याच यंत्रात नीट दिसत नाही, उतारावर तर मुळीच नाही. झोताच्या एका बाजूला तळ वर असतो, त्याचा प्रतिध्वनी आधी येतो आणि दुसऱ्या बाजूचा खोलातला मासा त्याच्यामागे झाकला जातो.

गोल तबकडीचा फ्लॅशर घ्यावा की पडद्याचं यंत्र?

फ्लॅशर आत्ताचा क्षण दाखवतो, त्याला इतिहास नाही. पडदा उजवीकडून डावीकडे सरकत गेल्या काही मिनिटांची नोंद ठेवतो. चहा ओतताना मासा येऊन गेला तर पडद्यावर त्याची कमान उरते. फ्लॅशरवर काहीच उरत नाही. हात आणि रेघ यांचा मेळ मात्र फ्लॅशरवर फार झटकन बसतो. शिवाय कडाक्याच्या थंडीत एलसीडी पडदे मंदावतात, फ्लॅशर तसा कुरकुरत नाही.

नवशिक्याने पडद्याचं घ्यावं असं माझं मत. हल्लीच्या बहुतेक यंत्रांत पडद्यावरच फ्लॅशरचं चित्रही येतं. काहीही घेतलंत तरी तळाचे शेवटचे काही फूट मोठे करून दाखवणारा झूम आहे का ते बघा.

समोर, बाजूला बघणारा "लाइव्ह" सोनार?

गार्मिनने २०१८ मध्ये लाइव्हस्कोप आणल्यापासून सगळ्यांच्या तोंडी तेच आहे. खरं सांगायचं तर वर झोताच्या अरुंदपणाचं जे रडगाणं गायलं, त्यावरचा खरा उपाय हाच आहे. ट्रान्सड्युसर आडवा फिरवून चारी दिशांना पाहता येतं, आणि मासा कुठल्या बाजूला किती फुटांवर आहे ते चित्रासारखं दिसतं. उथळ पाण्यात हा फरक फार मोठा.

पण किंमत भरमसाट, बॅटरी जड, आणि माणूस दिवसभर पडद्यावरच्या मासळीमागे भोकं पाडत पळतो. महिनाभराच्या पाहुण्याने विकत घेऊ नये. जावयाकडे असेल तर हक्काने मागून वापरावा.

फोनला जोडणारा, पाण्यात टाकायचा सोनारचा चेंडू चालेल का?

लिथुआनियाच्या डीपरसारखे चेंडू भोकात तरंगत ठेवता येतात. सोय चांगली आहे, पण दोन गोष्टी आडव्या येतात. चेंडू पाण्याच्या पृष्ठभागावर, म्हणजे बर्फाच्या नळीतच राहतो, त्यामुळे जाड बर्फावर झोताची कड कापली जाते. आणि उणे पंधरा-वीस अंशांत फोनची बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. पातळ बर्फाच्या सुरुवातीच्या दिवसांत ठीक.

पुण्याला परतल्यावर मात्र हाच चेंडू जास्त उपयोगी पडेल. काठावरून गळासारखा फेकायचा आणि ओढत आणायचा, तळाचा उंचसखलपणा समजतो.

भोक न पाडता बर्फावरूनच खोली बघता येते?

बर्फ काचेसारखा स्वच्छ असेल तर हो. वरचा भुसभुशीत बर्फ झाडून घ्या, थोडं पाणी ओता आणि ट्रान्सड्युसर त्यावर घट्ट टेकवा. मध्ये हवा राहता कामा नये. पांढऱ्या बर्फात हवेचे बुडबुडे असतात, तिथे आवाज अडतो. खोली अशी समजते. मासा दिसेलच असं नाही.

सोनारच्या आवाजाने मासे पळत नाहीत का?

ही यंत्रं साधारण २०० किलोहर्ट्झच्या आसपास बोलतात. बहुतेक माशांचं ऐकणं काही किलोहर्ट्झच्या आतच संपतं. कटला-रोहूच्या कुळातल्या माशांचे कान इतरांपेक्षा तीक्ष्ण, तरी तेही त्या पातळीच्या जवळपास जात नाहीत. शॅडच्या कुळातले काही मासे अपवाद आहेत, पण आपले ब्लूगिल आणि क्रॅपी त्यांतले नव्हेत.

पळतात ते तुमच्या बुटांना. बर्फ म्हणजे ताणलेलं कातडं, आणि पाच फूट पाण्यात प्रत्येक पाऊल खाली पोहोचतं. बादली आपटू नका. बर्फ नवा, काळा, पारदर्शक असेल तर सावलीही दिसते. भोकाभोवतीचा भुसभुशीत बर्फ झाडू नका, उलट थोडा पसरून ठेवा.

शेजारच्या भोकातल्या यंत्रामुळे माझ्यावर रेघा नाचतात.

दोघांची वारंवारता एक असली की हे होतं. यंत्रावर ढवळाढवळ कमी करणारं बटण असतं, ते रेघा थांबेपर्यंत दाबत जा. गेन कमी केला तरी निम्मा त्रास जातो. तरीही थांबलं नाही तर शेजाऱ्याशी बोला. मिनेसोटातली माणसं भली असतात, गाडी सरकवायला सांगितल्यासारखी वागत नाहीत.

यंत्र दहा फूट सांगतं, दोरी साडेनऊ. खोटं कोण बोलतं?

थोडंसं यंत्र. पाण्यात आवाजाचा वेग तापमानावर ठरतो. २५ अंशांच्या पाण्यात तो सेकंदाला साधारण १,४९७ मीटर, शून्य अंशाच्या गोड्या पाण्यात साधारण १,४०२ मीटर. यंत्र ठरावीक वेग धरून गणित करतं, म्हणून बर्फाखालच्या दहा फुटांत पाच ते आठ इंच जास्त दाखवू शकतं. काळजी करू नका, कारण मासा आणि गळ दोघांनाही तीच चूक लागू होते.

जाता जाता: बर्फाखाली वरचं पाणी थंड आणि तळाचं गरम असतं, कारण गोडं पाणी ४ अंशांना सर्वांत जड. तळ म्हणूनच उबदार. पण उथळ, गाळाच्या तळ्यात हिवाळ्याच्या उत्तरार्धात तळाशी प्राणवायू कमी पडतो आणि मासे वर सरकतात. फेब्रुवारीत फक्त तळाकडेच बघत बसू नका.

जाण्याआधी पुण्यात सराव कुठे करावा?

भिगवणला. उजनीचं मागचं पाणी तिथे पसरट आणि उथळ आहे, कितीतरी ठिकाणी होडी बांबूने ढकलत नेतात. कुंभारगाव किंवा डिकसळला रोहित पक्षी बघायला नेणारे होडीवाले असतात. त्यांच्यातल्याच एखाद्याला बाजूला घेऊन आपलं काम समजावून सांगा. यंत्राची चेष्टा करतील, पण चिलापी कुठे आहे ते त्यांना यंत्राशिवाय माहीत असतं. त्यामुळे तपासणी आपोआप होते: ते म्हणाले "इथं हाय" आणि पडद्यावर काही नाही, तर गेन तुमचा चुकला.

होडी थांबवून, इंजिन बंद करून, ट्रान्सड्युसर काठीला बांधून सरळ खाली सोडा. गळ बरोबर झोतात उतरवा आणि स्वतःच्या गळाची रेघ ओळखायला शिका. हे एवढं इथे जमलं की तिकडे अर्धं काम झालं. पाणी गढूळ असलं तरी चालतं, सोनारला गढूळपणा फारसा अडवत नाही. कॅमेऱ्याचं मात्र तिथे काही चालणार नाही. मिनेसोटातल्या स्वच्छ उथळ पाण्यात उलट: तिथे पाण्यात सोडायचा कॅमेरा पुष्कळदा सोनारपेक्षा जास्त सांगून जातो.

खडकवासल्याला जायचा विचार असेल तर एनडीएच्या हद्दीकडे फिरकू नका. आणि कुठल्याही धरणावर गळ टाकण्याआधी चौकशी करा. जलाशयांतली मासेमारी बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. यंत्र दाखवून "मी फक्त बघतोय" म्हणणं आणि पिशवीत दोन चिलापी असणं यांचा मेळ बसत नाही.

भारतातच कुठे बर्फावर जाऊन करता येईल का?

लडाखला जाण्याचे बेत आखणारे पुष्कळ भेटतात. पँगाँग गोठतं, त्यावर २०२३ मध्ये अर्धमॅरेथॉनही झाली. पण पाणी खारट, आणि आपल्या बाजूला मासे जवळजवळ नाहीतच. पळायला जा.

हे फसवणुकीचं नाही का वाटत? आमच्या वेळी...

तुमच्या वेळीही अनुभवी माणूस बुडबुडे, बगळे आणि वाऱ्याची दिशा वाचायचाच. आणि मासा दिसणं म्हणजे मासा मिळणं नव्हे. अर्धा तास गळाशी नाक लावून उभी राहिलेली लाल रेघ चावत नाही, तेव्हा हा आक्षेप आपोआप मागे घेतला जातो.

पाहुण्याला परवाना लागतो?

लागतो. मिनेसोटात बाहेरच्यांसाठी वेगळा परवाना असतो, एका दिवसाचाही मिळतो, ऑनलाइन काढता येतो. बर्फावर एका माणसाला दोन गळ चालतात. ओंटारिओत एका दिवसाचा परवाना सोडला तर आधी आउटडोअर्स कार्ड काढावं लागतं. "जावयाच्या परवान्यावर" हा प्रकार चालत नाही.

बर्फ किती जाड असला की पाऊल टाकावं?

यात पुणेरी आत्मविश्वास कामाचा नाही. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचं मार्गदर्शन असं: नव्या, स्वच्छ बर्फाची जाडी किमान ४ इंच असेल तरच चालत जा. पांढऱ्या, बर्फवृष्टीने बनलेल्या बर्फाची ताकद साधारण निम्मी, तिथे दुप्पट जाडी धरा. काठाला ४ इंच म्हणजे आतही ४ इंच असं नसतं, त्यामुळे पहारीने ठोकत, पुन्हा पुन्हा भोक पाडून मोजत जायचं. ओढा जिथे तळ्यात शिरतो तिथे बर्फ पातळ असतो.

एकट्याने जायचं नाही. बाहेर खेचून घेण्यासाठीच्या टोकदार मुठी गळ्यात अडकवलेल्या असाव्यात, पिशवीत नव्हे. पडलात तर ज्या दिशेने आलात तिकडेच वळायचं, त्या बर्फाने तुम्हाला नुकतंच पेललेलं असतं. वर आल्यावर उभं राहू नका, लोळत दूर जा.

तंबूत हीटर लावला तर हवेची झडप उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखायला लागलं की आधी बाहेर, मग चर्चा.

पाणी पाचच फूट आहे म्हणून हसणारे भेटतात. शून्य अंशाच्या पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वासच आवरत नाही, त्यामुळे खोली किती हा प्रश्न नंतरचा.

बॅटरी विमानातून नेता-आणता येईल का?

लिथियमची बॅटरी सुटी असेल तर फक्त हातातल्या बॅगेत, टोकं झाकून. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा हरकत नसते. १०० ते १६० च्या मध्ये असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते, त्यापुढे प्रवासी सामानात नाहीच. हिशेब सोपा: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास म्हणजे ८४. १२ अँपिअर-तासांची घेतलीत की परवानगीच्या रांगेत उभे.

माझा सल्ला: यंत्र आणा, बॅटरी तिकडेच ठेवा. १२ व्होल्टची साधी बंद बॅटरी इथे तपकीर गल्लीत मिळते. तिकडच्या थंडीत तिची ताकद घटते, इथे तो प्रश्न नाही. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करू नका, बर्फावरून घरी आल्यावर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

तिकडचा चार्जर पुण्यात चालेल?

चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. "१००-२४० व्होल्ट" लिहिलं असेल तर फक्त पिन बदला. नुसतं ११० किंवा १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका, धूर निघेल. तपकीर गल्लीतूनच नवा घ्या.